काळ्या पट्ट्यांवरचा निवांत पियानो

पियानो वाजवताना खांदे भरून येत असतील तर रियाज वाढवण्याआधी टेबलाची उंची मोजा. सांगली-मिरजेकडे घरात डिजिटल पियानो आला की तो बहुधा जेवणाच्या नाहीतर मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर चढतो. ते टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतं. त्यावर पियानोची स्वतःची दहा-बारा सेंटिमीटर उंची आली की पट्ट्या जमिनीपासून ८५ सेंटिमीटरच्याही वर जातात. लाकडी पियानोच्या पट्ट्या ७२ सेंटिमीटरच्या आसपास असतात. एवढ्या फरकानं कोपर खाली राहतं, मनगट वर उचललं जातं आणि हाताचं वजन पट्टीवर जाण्याऐवजी खांद्याला पेलावं लागतं. मग दहा मिनिटांत मान आखडते आणि आपल्याला वाटतं, हे वाद्य आपल्यासाठी नाही.

सुताराकडून ६० ते ६२ सेंटिमीटरचं टेबल करून घ्या. फळी एकोणीस मिलिमीटरची, रुंदी पियानोपेक्षा हातभर जास्त, आणि पुढच्या बाजूला आडवी पट्टी नको, कारण ती गुडघ्याला लागते. घडीचा इंग्रजी एक्सच्या आकाराचा स्टँड स्वस्त मिळतो, पण तो डुलतो आणि त्याचे पाय नेमके पेडलच्या जागी येतात. बसायला ४८ ते ५० सेंटिमीटरचं स्टूल हवं. प्लास्टिकची खुर्ची चालत नाही, कारण तिची बैठक मागे उतरती असते आणि तिचे हात आपल्या कोपरांना अडवतात. स्टूल बुटकं असेल तर त्यावर लाकडी पाट ठेवला तरी भागतं. स्टुलाच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा, दोन्ही तळवे जमिनीला टेकवा, हात पट्ट्यांवर ठेवा आणि आरशात बाजूनं बघा. कोपर पट्ट्यांच्या पातळीला किंवा बोटभर वर दिसलं की उंची जमली. पेटीची सवय असलेले काही जण पियानो चौरंगावर ठेवून मांडी घालून बसतात. हाताला ते सोयीचंच पडतं, पण पेडल हातचं जातं, आणि पुढचं सगळं पेडलवर उभं आहे.

वाद्याच्या निवडीवर फार शाई खर्चायला नको. ८८ पट्ट्या, हॅमर अ‍ॅक्शन म्हणजे वजनदार पट्ट्या, पेडलची जागा आणि हेडफोनची जागा, एवढं दुकानात तपासा. यामाहा, कॅसिओ, रोलँड, कॉर्ग या सगळ्यांची साधी मॉडेलं या कामाला पुरतात. एकाच वेळी ६४ सूर धरू शकणारं मॉडेल घ्या. ३२ सूर धरणाऱ्यावर पेडल दाबून ठेवलं की जुने सूर मध्येच तुटतात. घरात ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड पडून असेल तर खालचं सगळं त्यावरही वाजेल, फक्त बोटाच्या दाबाप्रमाणे आवाज कमी-जास्त होणारा हवा. त्याच्या पट्ट्या स्प्रिंगच्या असतात, बोट वर ढकलतात, त्यामुळे हात सैल सोडायला जास्त वेळ लागतो.

लाकडी पियानोचा मोह साताऱ्याच्या वरच्या अंगाला, वाई-महाबळेश्वरकडे तर अजिबात धरू नये. आत दोनशेच्या वर तारा, त्यांचा एकत्रित ताण कित्येक टनांचा, आणि तो लोखंडी चौकट पेलत असली तरी पट्ट्या, खुंट्यांचा ठोकळा आणि नादफळी लाकडाचीच. पावसाळ्यात लाकूड फुगतं, पट्ट्या खाली जाऊन तिथेच अडकतात. उन्हाळ्यात ते सुकतं आणि तारा उतरतात. वर्षातून दोनदा तरी तारा लावून घ्याव्या लागतात आणि ते काम करणारा माणूस गावात मिळत नाही.

आता वाजवण्याकडे येऊ. आपल्याकडे पियानोला बसणारा माणूस बहुतेक वेळा पेटीवरून आलेला असतो. पेटीचा आवाज भात्यात असतो. बोटानं पट्टी हळू दाबा की जोरात, सूर तेवढाच राहतो, आणि बोट ठेवलंय तोवर टिकतो. पियानोवर दोन्ही गोष्टी उलट्या. पट्टी जेमतेम एक सेंटिमीटर खाली जाते. त्या एका सेंटिमीटरच्या प्रवासात तिचा वेग किती, यावरच आवाज ठरतो. हातोडी तारेवर आदळून मागे फिरली की पुढे दाबण्यात काहीच हाशील नाही. पेटीवाला मात्र दाबत राहतो. सगळ्या थकव्याचं मूळ तिथं आहे. सूर लागल्यावर पट्टी वर येऊ नये एवढ्यापुरतं बोट जड ठेवायचं. त्याला पन्नास ग्रॅमच्या आसपास वजन पुरतं, आणि तेवढं नुसत्या टेकलेल्या हाताचंच असतं.

हे अंगात यावं म्हणून एक साधी चाचणी आहे. उजवा हात पूर्ण सैल सोडा. डाव्या हातानं त्याचं मनगट धरून पट्ट्यांच्या वीतभर वर उचला आणि सोडून द्या. मधलं बोट एखाद्या काळ्या पट्टीवर पडेल आणि आवाज होईल. तो आवाज तुमच्या स्नायूंनी केलेला नाही, वजनानं केलेला आहे. हात हवेतच अडकून राहिला तर तो अजून धरलेला आहे. बसल्यावर पहिली दोन मिनिटं एवढंच करा. मग उंची कमी करत करत बोट पट्टीला टेकलेलं असतानाच हात सोडायचा.

दुसरी गोष्ट कानाची. पियानोचा सूर लागल्या क्षणापासून विरत जातो. पुढचा सूर आधीच्या सुराच्या मूळ आवाजाशी जुळवला तर तो ठोकल्यासारखा ऐकू येतो. विरत आलेल्या शेवटाशी जुळवला तर दोन सूर एकाच श्वासात गायल्यासारखे जोडले जातात. म्हणून सावकाश वाजवणं हा इथे नवशिक्याचा टप्पा नाही. सूर विरेपर्यंत ऐकायलाच वेळ लागतो. भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याची लय धरा, म्हणजे मिनिटाला साठ. सुरुवातीला एका सुराला चार ठोके.

कुठले सूर? नुसत्या काळ्या पट्ट्या. पियानोवर काळ्या पट्ट्या दोन आणि तीनच्या गटात येतात. आपल्या भाषेत दोनाच्या गटातल्या काळी एक, काळी दोन आणि तीनाच्या गटातल्या काळी तीन, चार, पाच. दोनाच्या गटाच्या लगेच डावीकडची पांढरी एक, आणि तिथून उजवीकडे मोजत पांढरी सातपर्यंत. सप्तकात पाचच, आणि त्यांतल्या कुठल्याही दोन पट्ट्यांमध्ये अर्ध्या सुराचं अंतर नाही. त्यामुळे कुठलीही पट्टी कुठल्याही पट्टीनंतर वाजली तरी कानाला खटकत नाही. चुकीच्या सुराची भीती गेली की खांदे आपोआप अर्धे उतरतात. शिवाय हाताची ठेवणही सोयीची. लांब बोटं उंच पट्ट्यांवर, आखूड बोटं खाली, ही पंजाची नैसर्गिक रचना आहे. एकोणिसाव्या शतकातले पियानोवादक-संगीतकार शोपाँ शिष्यांना पहिल्यांदा हात ठेवायला लावत तो पांढरी तीन, मग काळी तीन, चार, पाच आणि पांढरी सात असा. सी मेजर म्हणजे पांढरी एकपासूनचं नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांचं सप्तक ओळखायला सोपं, हाताला मात्र ते तितकं सोपं नाही. आपल्याकडच्या क्लासांत तिथूनच सुरुवात होते, ते मला पटत नाही.

षड्ज काळी तीनवर धरा. मग रे काळी चार, ग काळी पाच, प पुढच्या सप्तकातली काळी एक आणि ध काळी दोन. झाला भूप राग. सा रे ग तीनाच्या गटावर, प ध दोनाच्या गटावर. डोळे मिटूनही बोटांना जागा सापडते, कारण गटांमधली दरी हाताला लागते.

पण आधी डावा हात. एकट्यानं वाजवायचं म्हणजे तंबोराही आपणच धरायचा. मिरजेत तंबोरे तयार होतात, त्यामुळे चार तारांचा क्रम इथे कुणाला सांगावा लागत नाही: प, सा, सा (ही जोडी), आणि खर्ज म्हणजे एक सप्तक खालचा सा. तोच क्रम डाव्या हातात घ्यायचा. ८८ पट्ट्यांवर डावीकडून मोजत चौथी पांढरी एक ही पियानोची मधली खूण. तिच्या लगेच डावीकडे तीन काळ्यांचा गट आहे, त्यातली पहिली काळी तीन म्हणजे जोडाचा सा. तिथून एक सप्तक खाली गेलं की खर्ज. दोहोंच्या मधली काळी एक हा पंचम. करंगळी खर्जावर, तर्जनी पंचमावर, अंगठा वरच्या सावर. क्रम तर्जनी, अंगठा, अंगठा, करंगळी. प्रत्येक आघातानंतर दोन ठोके जाऊ द्या, म्हणजे चार तारांचं एक आवर्तन आठ सेकंदांत होतं. सप्तकाचं अंतर साडेसोळा सेंटिमीटर असतं. पंजा लहान असेल तर ताणू नका. पेडल सूर धरून ठेवतं, हात सरकवून पुढची पट्टी घ्या.

या डाव्या हातावर बहुतेक जण वेळच घालवत नाहीत, आणि मग तक्रार करतात की सूर सुटे-सुटे वाटतात. पहिल्या काही बैठकांत उजवा हात मांडीवर ठेवून नुसता तंबोरा छेडत बसा. चारही आघात सारख्या आवाजात आले पाहिजेत. अंगठा स्वभावतःच जड, म्हणून दुसरा आणि तिसरा आघात उसळतो. अंगठा उभा न मारता आडवा टेकवला की तो शांत होतो. खर्जाला उलट थोडं जास्त वजन द्यावं लागतं, कारण सपाट डिजिटल पियानोचे स्पीकर लहान असतात, खालचे सूर त्यांना पेलत नाहीत. पियानो भिंतीला लागून ठेवला तर खर्ज बराच भरतो.

आता पेडल. उजवं पेडल दाबलं की लाकडी पियानोत सगळ्या तारांवरचे दाबक उठतात. वाजवलेला सूर तर टिकतोच, शिवाय न वाजवलेल्या तारांपैकी ज्या त्या सुराशी जुळतात त्याही गुणगुणू लागतात. सतारीच्या तरफांचं काम इथं पूर्ण वाद्य करतं. चांगल्या डिजिटल पियानोत हा परिणाम इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं आणलेला असतो. त्यासाठी सेटिंगमध्ये स्ट्रिंग रेझोनन्स किंवा डँपर रेझोनन्स शोधा आणि चालू करा.

पेडल केव्हा सोडायचं हा खरा प्रश्न. नवखा माणूस पट्टीबरोबरच पाय दाबतो, त्यामुळे आधीचा सूर नव्यात मिसळून गढूळ होतो. पट्टी खाली जाते त्याच क्षणी पाय वर यायला हवा आणि सूर लागल्यावर लगेच पुन्हा खाली. हात खाली तर पाय वर, अशी उलटी सवय लावायची. टाच जमिनीला चिकटलेली, हलतो तो फक्त चवडा. काळ्या पट्ट्यांवर सुदैवानं सवलत आहे. अर्ध्या सुराचं भांडण नसल्यामुळे तंबोऱ्याचं एक पूर्ण आवर्तन एकाच पेडलमध्ये चालतं. खर्ज वाजवताना पेडल बदला, म्हणजे प्रत्येक आवर्तन स्वच्छ पायावर सुरू होतं.

पियानोबरोबर येणारं चौकोनी प्लास्टिकचं पेडल गुळगुळीत फरशीवर पुढे सरकतं आणि पाय त्याच्या मागे जातो. मग पाठ वाकते. पेडलखाली रबरी पायपुसणं उलटं करून टाका. आणखी एक गंमत लक्षात ठेवा. पुष्कळ मॉडेलं चालू होताना पेडलची स्थिती तपासतात. चालू करताना पाय त्यावर असला तर काम उलटं होतं: दाबल्यावर सूर तुटतो, सोडल्यावर टिकतो. पेडल बिघडलं म्हणून दुकानात नेऊ नका. बंद करून, पाय काढून, पुन्हा चालू करा.

उजवा हात मधल्या खुणेच्या उजवीकडच्या काळी तीनपासून. बोटं तर्जनी, मधलं, अनामिका या क्रमानं सा रे ग वर, आणि प ध ला पुन्हा तर्जनी-मधलं. काळ्या पट्टीच्या पुढच्या टोकाजवळ वाजवा. आत सरकलात की पट्टीचा टेकू जवळ येतो आणि ती जड लागते.

पहिला नियम असा ठेवा की तंबोऱ्याच्या दोन आवर्तनांत एकच छोटी फिरत, आणि तीही एका उच्छ्वासात मावेल एवढीच. गाणाऱ्याला श्वास थांबवतो. वाजवणाऱ्याला थांबवणारं काही नसतं, म्हणून बोटं धावत सुटतात. सा रे ग. थांबा. ग रे सा, खालचा ध, सा. थांबा. प ग, रे ग, सा. मधल्या रिकाम्या जागेत डावा हात चालूच आहे, त्यामुळे काही चुकलं असं वाटत नाही. भूपात गंधार आणि धैवत या दोन ठिकाणी मुक्काम करायचा, त्यातही गंधार वडीलधारा. धैवतावर जास्त रेंगाळलात आणि वरच्या अंगात फिरू लागलात तर सूर तेच राहून देशकार या दुसऱ्या रागाचा भास होतो. घरी स्वतःसाठी वाजवताना त्यानं आभाळ कोसळत नाही, पण ऐकू यायला हवं.

एका जागी तीन वेळा लागोपाठ तीच फिरत आली तर कंटाळून बदलू नका. आवाज बदला. तेच सूर एकदा इतके हलके वाजवा की पट्टी खाली जाऊनही जेमतेम ऐकू यावं. फार हळू दाबली तर सूर उमटतच नाही. ती सीमा कुठे आहे हे बोटाला कळलं की हाताची बरीच घडी बसते.

या पाच पट्ट्यांची खरी मजा मूर्च्छनेत आहे. पट्ट्या त्याच ठेवून षड्ज सरकवला की राग बदलतो. काळी एक सा धरली तर सा रे म प ध मिळतात, म्हणजे दुर्गा. काळी दोन सा धरली तर कोमल ग, म, प, कोमल नि, म्हणजे धानी. काळी चारवर रे, म, प, कोमल नि, म्हणजे मधमाद सारंग, आणि चलन बदललंत तर मेघ. काळी पाचवर कोमल ग, म, कोमल ध, कोमल नि: मालकंस. दुपारी सारंग, दिवेलागणीला भूप, रात्री दुर्गा आणि उशिरा मालकंस, असा जवळजवळ दिवसभराचा साठा एका सप्तकातल्या पाच पट्ट्यांत आहे, आणि बोटांना नवीन काहीच शिकायचं नाही. बदलतो तो फक्त डावा हात. दुर्गात करंगळी काळी एकवर आणि तर्जनी काळी चारवर. सारंगात काळी चार आणि पुढची काळी दोन. मालकंसात पंचम नाही, म्हणून तंबोरा मध्यमाचा: करंगळी काळी पाच, तर्जनी पुढची काळी दोन, अंगठा वरची काळी पाच. उजव्या हातात खालचा ध, नि, सा, मग थेट मध्यम, आणि ग म ग सा करत परत.

राग बदलताना एक काळजी घ्या. भूप वाजवून लगेच मालकंसात गेलात तर कानात जुना षड्ज बसलेला असतो, आणि मालकंसाचा सा भूपाचा गंधार वाटत राहतो. मध्ये पूर्ण थांबा, पेडल सोडा, मग नव्या षड्जाचा नुसता तंबोरा चार-पाच आवर्तनं ऐका. कान वळला की मगच उजवा हात घाला.

जाणकार शेजारी आक्षेप घेतील की पियानोवर राग वाजतच नाही. आक्षेप खोटा नाही. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर पियानोच्या प्रत्येक अर्ध्या सुराला बरोबर १०० येतात. तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार ३८६ सेंटवर असतो, पियानोचा ४०० वर. म्हणजे १४ सेंट चढा. धैवत सुमारे १६ सेंट चढा. पंचम मात्र ७०२ ऐवजी ७००, तो फरक कानाला कळत नाही. पट्टीच्या वाद्यातली ही अडचण या भागाला नवी नाही. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांवर, इंग्रजीत पुस्तक काढलं, आणि क्लेमेंट्स या इंग्रज न्यायाधीशांबरोबर श्रुतींची पेटी तयार व्हावी म्हणून खटपट केली.

घरगुती वादनासाठी यातून एवढंच घ्यायचं की पियानोबरोबर खरा तंबोरा किंवा मोबाइलवरचं तंबोऱ्याचं अ‍ॅप लावू नका. लावलंत की गंधार सतत टोचत राहतो आणि दोष बोटांचा वाटतो. तंबोरा पियानोवरच वाजवला तर सा आणि प एवढेच सूर धरलेले असतात, ते जवळजवळ शुद्ध असतात, आणि गंधार येऊन विरून जातो. मींड म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, तीही येत नाही, तिची नक्कल करू नका. त्याऐवजी कण घ्या: ग वाजवण्याआधी रे ला निसटता स्पर्श, दोन बोटं जवळजवळ एकत्र पडलेली. रे वरचं बोट लगेच उचला, नाहीतर पेडलमध्ये दोन्ही सूर सारखेच राहतात.

काय बिघडतं ते सांगतो, कारण बिघाड जवळजवळ सगळ्यांचा सारखाच असतो. रात्री घरच्यांना त्रास नको म्हणून आवाज अगदी कमी केला जातो. मग ऐकू येईना म्हणून बोटं जोरानं पडतात, आणि आठवड्याभरात हात पुन्हा कडक. हेडफोन लावा आणि आवाज अर्ध्यावर ठेवा. पियानोला जाडा ६.३ मिलिमीटरचा जॅक असला तर मोबाइलच्या हेडफोनला जोडणी घ्यावी लागते, ती विजेच्या सामानाच्या दुकानात मिळते. हेडफोन लावले तरी पट्ट्यांची धपधप टेबलातून खालच्या मजल्यावर पोचते. टेबलाच्या चारही पायांखाली घडी केलेली जुनी सतरंजी ठेवली की ती मरते.

लय वाढणं हा दुसरा रोग. ती उजव्या हातामुळे वाढते असं वाटतं, पण बहुतेकदा डावा हात रिकामी जागा सहन न होऊन पुढे सरकतो. मेट्रोनोम म्हणजे लयीचे ठोके देणारं यंत्र लावण्यापेक्षा तंबोऱ्याचे चार आघात मनात म्हणत वाजवा. मेट्रोनोमचा टकटक आवाज या वादनाचा जीव घेतो. आणि खालच्या सप्तकात सा-ग असे जवळचे सूर एकत्र दाबू नका, ते गुरगुरतात. मधल्या खुणेपासून एक सप्तक खाली गेलं की फक्त सा-प किंवा सा-सा. गंधार हवाच असेल तर तो वरच्या सप्तकातला.

इतकं बसलं की गाणी घ्यायला हरकत नाही. भावगीतं आणि अभंग बऱ्याचदा दादरा-केरवा या तालांत असतात, आणि तिथे नवशिक्याचा डावा हात प्रत्येक मात्रेला काहीतरी वाजवायला बघतो. दादऱ्याच्या सहा मात्रांत दोनच आघात पुरे: समेला खर्जाचा सा, चौथ्या मात्रेला पंचम. केरव्याच्या आठांत समेला सा आणि पाचव्या मात्रेला पंचम. चाल उजव्या हातात एकेका बोटानं. भरीव कॉर्ड घालायची घाई नको. घालायचीच तर आवर्तनाला एक, आणि सूर पसरून: सा डाव्या करंगळीत, प तर्जनीत, ग अंगठ्याला झेपत नसेल तर उजव्या हातात. चालीत मध्यम किंवा निषाद आला की पांढऱ्या पट्ट्या लागतील. काळी तीनच्या षड्जात शुद्ध मध्यम म्हणजे पांढरी सात आणि शुद्ध निषाद म्हणजे पांढरी चार. एवढ्या दोन पांढऱ्या कळल्या की बिलावल थाटातली, म्हणजे सगळे सूर शुद्ध असलेली चाल त्याच हाताच्या ठेवणीत बसते. फक्त आता अर्धे सूर आले, तेव्हा पेडलची सवलत संपली. चालीच्या प्रत्येक मुक्कामाला पाय बदलावा लागेल.

निगा फार लागत नाही, पण हळदीच्या आणि गुऱ्हाळांच्या मुलखात धूळ बारीक असते. एखादी पट्टी अचानक कानठळ्या बसेल इतकी जोरात वाजू लागली किंवा मुकी झाली तर तिच्याखालच्या रबरी संपर्कात धूळ गेली आहे असं समजा. दोन संपर्क किती अंतरानं जुळतात यावरून पियानो बोटाचा वेग मोजतो. एक संपर्क मळला की मोजणी फसते. खोलून पुसणं हे माहितगाराचं काम आहे, घरी अल्कोहोल ओतू नका. झाकायला सुती कापड वापरा. प्लास्टिकच्या आत पावसाळ्यात दमट हवा कोंडते. कृष्णेकाठच्या सखल वस्तीत राहत असाल तर पियानो वरच्या मजल्यावर ठेवा. २०१९ चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना कारण सांगायला नको. साधा डिजिटल पियानो दहा-बारा किलोंचा असतो, दोघांना सहज उचलता येतो. वीज गेली तरी अडॅप्टर थोडेच वॅट खातो, घरच्या इन्व्हर्टरवर आरामात चालतो. वीज येताना येणारा झटका मात्र अडॅप्टरला मारतो, तेव्हा गेली की बटण बंद करा.

घरातलं कुणी गायला बसलं आणि त्यांची पट्टी काळी एक असली तर बोटं हलवायची नाहीत. ट्रान्सपोज, म्हणजे सगळे सूर एकदम वर-खाली सरकवणारी सोय, उणे पाचवर न्या, हात काळी तीनच्याच भूपात राहतो आणि आवाज काळी एकचा येतो. काळी पाचसाठी अधिक चार, पांढरी पाचसाठी अधिक एक. गाणं संपल्यावर ट्रान्सपोज शून्यावर आणा. काही मॉडेलं बंद केल्यावर स्वतःच शून्यावर येतात, काही येत नाहीत, आणि मग दुसऱ्या दिवशी एकट्यानं बसल्यावर पट्ट्या ओळखीच्या, सूर परका अशी अवस्था होते.